दारुहरिद्रा आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा प्रश्न आता केवळ मोठ्या रुग्णालयांपुरता राहिलेला नाही. २०१९ या एका वर्षात अशा जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. अशा वेळी वनौषधींकडे लक्ष वळणे स्वाभाविक आहे. परंतु वनौषधींबाबत आपण पुराव्यानिशी काय म्हणू शकतो, याचा विचार वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी करावयास हवा. त्यासाठी आम्ही नित्य परिचयाच्या दारुहरिद्रेचे उदाहरण घेत आहोत.

पंपाचे रहस्य

दारुहरिद्रा व तिच्या क्वाथापासून सिद्ध होणारे रसांजन यांचा उपयोग व्रण, नेत्ररोग व मुखपाक यांत परंपरेने होत आला आहे. तिच्या पिवळ्या रंगाचे कारण असलेले बर्बेरीन हे अल्कलॉइड जिवाणुनाशक आहे. तथापि शुद्ध स्वरूपात त्याचा प्रभाव बेताचाच दिसतो. पू निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या पेशीपटलात 'नॉर-ए' नावाचे प्रथिन असते. विहिरीतील पाणी पंपाने उपसावे, तसे ते आत शिरलेले बर्बेरीन बाहेर फेकते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनलाही हाच पंप बाहेरची वाट दाखवतो.

२००० साली अमेरिकेतील फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्बेरिस कुलातील एका अमेरिकन वनस्पतीतून ५'-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन हे द्रव्य वेगळे केले. हे द्रव्य स्वतः जिवाणूस मारीत नाही. ते केवळ पंप बंद पाडते. मग बर्बेरीन पेशीत साठते आणि आपले काम करते. विशेष म्हणजे हे द्रव्य त्यापूर्वीच चालमोगरा तेलात, म्हणजे कुष्ठावर वापरल्या जाणाऱ्या तुवरक तेलात, अल्प प्रमाणात आढळले होते. केवळ 'क्रियाशील घटक' वेगळा काढल्यास त्याचा सहायक मागे राहून जातो, हे यावरून ध्यानात येते.

पिप्पली व मिरी यांतील पायपरीनमुळे स्टॅफिलोकोकस ऑरियसवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा प्रभाव वाढतो, असे जम्मू येथील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले.

मर्यादा

हे निष्कर्ष प्रयोगशाळेतील आहेत. तोंडावाटे घेतलेले बर्बेरीन रक्तात अत्यल्प प्रमाणात शोषले जाते. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरील जादा पटलाचे संरक्षण असते. त्यांच्यावर त्याचा प्रभाव आणखी कमी पडतो. त्यामुळे रक्तातील जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा ज्वरयुक्त वृक्कशोथ यांत दारुहरिद्रा प्रतिजैविकाची जागा घेऊ शकत नाही. अशा रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठविणे हेच वैद्याचे कर्तव्य होय. शिवाय बर्बेरीन व पायपरीन ही दोन्ही द्रव्ये यकृतात होणाऱ्या औषधांच्या पचनात अडथळा आणतात. फेनिटॉइन, सायक्लोस्पोरिन यांसारखी औषधे चालू असलेल्या रुग्णाची पूर्ण चौकशी केल्यावाचून ती देऊ नयेत. गर्भिणी व नवजात बालकांनाही बर्बेरीनयुक्त औषधे पोटात देऊ नयेत.

औषधनिर्मात्यांसाठी

खरी दारुहरिद्रा, बर्बेरिस अरिस्टाटा, हिमालयातील काटेरी झुडूप आहे. बाजारात त्याच नावाने कॉसिनियम फेनेस्ट्रॅटम या दक्षिणेकडील वेलीचे काष्ठही विकले जाते. त्यातही बर्बेरीन असतेच. म्हणून केवळ बर्बेरीनचे प्रमाण तपासून द्रव्याची ओळख पटत नाही. सहायक द्रव्ये मात्र जातीगणिक बदलू शकतात आणि वर पाहिल्याप्रमाणे परिणाम त्यांच्यावरही अवलंबून असतो. यास्तव प्रत्येक खेपेच्या काष्ठाची सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षा करावी, क्रोमॅटोग्राफीचा आलेख प्रमाण नमुन्याशी ताडून पाहावा आणि नोंदवहीत वनस्पतीचे शास्त्रीय नाव लिहावे.

वेष्टनावर 'प्रतिजैविकास पर्याय' असे छापणे सोपे आहे. परंतु त्यावर विसंबून एखाद्या रुग्णाने योग्य उपचारास विलंब केला, तर हानी त्याची होईल आणि दोष शास्त्राच्या माथी येईल. शुद्ध द्रव्य, योग्य रुग्ण आणि प्रामाणिक नोंदी यांच्या आधारेच आपले म्हणणे जगापुढे मांडता येईल, असे आम्हांस वाटते.