संदर्भ हवा

ऑक्टोबर २०२२मध्ये आयुर्वेदिक औषधे बनवणाऱ्यांची एक संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. गाऱ्हाणे होते इंग्रजी विकिपीडियावरच्या ‘आयुर्वेद’ या लेखाबद्दल. या लेखात आयुर्वेदाला छद्मविज्ञान म्हटले आहे, त्यामुळे बदनामी होते, असे संघटनेचे म्हणणे होते. खंडपीठाने याचिकेत लक्ष घालायला नकार दिला आणि जाता जाता सांगितले, की विकिपीडियाचा लेख तुम्हीही संपादित करू शकता.

ते खरेच आहे. विकिपीडियावर लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. पण एखाद्या वैद्यबुवांनी हा सल्ला मनावर घेतला तर पुढे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. पहिली अडचण कुलपाची. इंग्रजी विकिपीडियावरच्या वादाच्या लेखांना बऱ्याचदा असे कुलूप असते, की खाते किमान ३० दिवस जुने आणि त्यावर ५०० संपादने झालेली असल्याखेरीज हातच लावता येत नाही. तेवढी मजल मारून बुवांनी तो नकोसा शब्द खोडला, तर काही मिनिटांत कुणीतरी तो परत आणते. बुवा पुन्हा खोडतात. एकाच लेखावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे काम उलटवले, की खात्यावर बंदी येऊ शकते. मग त्यांना चर्चापानाचा रस्ता दाखवला जातो. तिथे हाच वाद वर्षानुवर्षे चालू असतो. आपली प्रॅक्टिस किती वर्षांची, किती रोगी बरे केले, हे तिथे कुणी विचारत नाही. प्रश्न एकच असतो : संदर्भ आहे का, आणि कसला आहे?

आता गंमत अशी, की हाच प्रश्न दुसऱ्या बाजूच्या माणसालाही पडतो. अंधश्रद्धेविरुद्ध उभी हयात घालवलेला कार्यकर्ता एखाद्या बाबाच्या लेखात ‘भोंदू’ असे लिहून गेला, तर ते वाक्यही तितक्याच तत्परतेने उडते. बाबा भोंदू आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असले तरी उडते. विज्ञानाच्या बाजूने लिहायला येणारे पुष्कळ स्वयंसेवक याच दारातून चिडून परत जातात. आपण खरे बोलत असताना आपल्याला पुरावा का मागतात, हे त्यांना उमगत नाही.

विकिपीडियाचा पाया तीन नियमांचा आहे. लिहिलेले वाचकाला दुसरीकडे पडताळून पाहता आले पाहिजे. लेखन तटस्थ असले पाहिजे. आणि संपादकाने स्वतःचे संशोधन, स्वतःचा निष्कर्ष लेखात घुसवू नये. यातला तटस्थतेचा नियम सर्वांत जास्त चुकीचा समजला जातो. आपल्याकडे वाहिन्यांवरच्या चर्चांनी तटस्थ म्हणजे दोन्ही पक्षांना सारखी मिनिटे, असे गणित रुजवले आहे. विकिपीडियाचे गणित वेगळे आहे. एखाद्या मताला त्या विषयातल्या विश्वासार्ह लेखनात जेवढे वजन, तेवढेच लेखात. पृथ्वी सपाट मानणाऱ्यांचे मत पृथ्वीवरच्या लेखात अर्धी जागा मागू शकत नाही. मतामतांची मोजणी वाचकांत होत नाही, अभ्यासकांत होते. २०१४ साली ‘ऊर्जा उपचार’वाल्यांनी हजारो सह्यांचे निवेदन संस्थापक जिमी वेल्स यांच्याकडे दिले, तेव्हा त्यांच्या उत्तराचा सारांशही असाच होता : तुमचे काम प्रतिष्ठित विज्ञाननियतकालिकांत छापून आणा, विकिपीडिया त्याची दखल घेईल. ते उत्तर कडक भाषेत होते आणि पुष्कळांना उद्धट वाटले. मला त्यातला तर्क बिनतोड वाटतो.

वैद्यकाच्या बाबतीत चाळणी आणखी बारीक आहे. ‘अमुक काढ्याने साखर उतरते’ हे वाक्य लेखात टिकायचे असेल, तर त्यासाठी वर्तमानपत्राचे कात्रण चालत नाही आणि तीस रुग्णांवर केलेला एकटा प्रयोगही चालत नाही. अनेक प्रयोग एकत्र तपासणारा आढावा लागतो, नाहीतर मान्यवर वैद्यकीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे किंवा प्रमाण पाठ्यपुस्तक. होमिओपॅथीचे उदाहरण घेऊ. जर्मन डॉक्टर हानेमान यांनी १७९६मध्ये मांडलेल्या या पद्धतीत ‘३०सी’ म्हणून मिळणारे औषध शंभरात एक या प्रमाणात तीस वेळा पातळ केलेले असते, म्हणजे एकावर साठ शून्ये इतके. मूळ पदार्थाचा एकही रेणू कुपीत उरण्याची शक्यता बाराव्या पायरीच्या आसपासच संपलेली असते. हे गणित अकरावीचा विद्यार्थीही करील. पण संपादकाने ते स्वतः करून त्यावरून ‘म्हणून हे औषध निरुपयोगी’ असे लिहिले, तर तो झाला त्याचा स्वतःचा निष्कर्ष. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५मध्ये १७६ अभ्यास तपासून, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजाराबाबत नाही, असा निर्वाळा दिला. तो अहवाल मात्र देता येतो. बरोबर असणे पुरत नाही. तुमच्या आधी कुणी, कुठे आणि कशाच्या आधारे ते म्हणून ठेवले आहे, ते शोधून दाखवावे लागते.

सुझन गर्बिक यांना हे लवकर कळले. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनस गावच्या या बाई व्यवसायाने स्टुडिओत लोकांचे फोटो काढणाऱ्या. शास्त्रज्ञ नव्हेत, प्राध्यापक नव्हेत. २०१०मध्ये त्यांनी ‘गुरिल्ला स्केप्टिसिझम ऑन विकिपीडिया’ नावाचा गट उभा केला. चिकित्सक विचार मानणाऱ्यांना व्याख्याने देत फिरण्यापेक्षा लेख सुधारायला शिकवायचे, एवढीच कल्पना. नव्या माणसाला आधी प्रशिक्षण दिले जाते. संदर्भ कसा जोडायचा, फोटोचा परवाना कसा पाहायचा, चर्चापानावर आवाज न चढवता कसे बोलायचे, इथपासून सुरुवात. काम बरेचसे कंटाळवाणे असते. त्यांचा एक उपक्रम मला फार हुशारीचा वाटतो. एखादा विज्ञानलेखक किंवा बुवाबाजीची चिकित्सा करणारा कुणी दूरचित्रवाणीवर येणार असेल, तर त्याच्याविषयीचा लेख आधी नीट करून ठेवायचा, कारण कार्यक्रम संपताच लोक त्याचे नाव शोधणार. जाहिरातीची ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक जागा आहे, असे म्हणता येईल. प्रामाणिक, हे जरा अडखळतच म्हटले.

कारण इथेच मेख आहे. हा गट आपसांतली बोलणी फेसबुकवरच्या बंद दालनात करतो आणि कोणता सदस्य कोण हे बाहेर सांगत नाही. ज्या बुवांना उघडे पाडायचे त्यांच्याकडून त्रास होऊ नये म्हणून गुप्तता, हे त्यांचे कारण पटण्यासारखे आहे. पण विकिपीडियाचा सारा डोलारा उघडपणावर उभा आहे. प्रत्येक बदल, त्याची वेळ, करणाऱ्याचे खाते, सगळे ‘इतिहास’ या कळीखाली कायमचे नोंदलेले असते. ठरवून एकत्र काम करणारी टोळी, ती विज्ञानाची का असेना, इतर संपादकांच्या डोळ्यांवर आल्यावाचून राहत नाही. शेवटी २०२२च्या आरंभी हे प्रकरण इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीसमोर आले. समितीने एका संपादकाला या क्षेत्राशी निगडित हयात व्यक्तींविषयी लिहिण्यास मनाई केली आणि गटाला सल्ला दिला, की विकिपीडियावरच आपले उघड ठाणे मांडा, म्हणजे संशय कमी होईल.

ज्यांच्या विरोधात लिहायचे त्यांच्याविषयीचे लेख आणि ज्यांचे आपण चाहते त्यांच्याविषयीचे लेख एकाच हाताने लिहू नयेत, असे मला वाटते. होमिओपॅथीवरचा लेख सुधारताना पूर्वग्रह चाळणीत अडकतो, कारण तिथे आढावे आणि अहवाल आहेत. माणसांवरचे लेख मात्र बातम्या, मुलाखती आणि परीक्षणे यांवर चालतात. तिथे कोणती बातमी उचलायची आणि कोणती सोडायची, यातूनच रंग चढतो.

आता आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ, म्हणजे एक वाक्य नीट लिहायला किती विचार लागतो ते दिसेल. जयंत नारळीकर, सांख्यिकीचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००८मध्ये जाहीर झाले आणि पुढच्या वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये शोधनिबंध आला. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस, नावागावाशिवाय, दिल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच सांगायचे. ५१ जणांनी कुंडल्या घेतल्या, २७ जणांची उत्तरे आली. सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी पन्नासच्या आसपास आली असती. चाळीसपैकी २८ बरोबर आली तर त्यात काही तथ्य मानायचे, असे आधी ठरले होते. सर्वांत चांगला निकाल २४चा होता. एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या घेतल्या होत्या, तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

हे वाचून उत्साही संपादकाच्या बोटांतून पहिले वाक्य उतरते ते असे : ‘ज्योतिष हे थोतांड असल्याचे नारळीकरांनी सिद्ध केले.’ हे टिकणार नाही, आणि टिकूही नये. चाचणी झाली ती एका दाव्याची : कुंडलीवरून मुलाची बुद्धी सांगता येते. ज्योतिष विवाहाबद्दल, मृत्यूबद्दल, पावसाबद्दल जे जे म्हणते ते या चाचणीच्या कक्षेत नव्हते. शिवाय निबंध चाचणी घेणाऱ्यांनीच लिहिलेला, म्हणजे तो प्राथमिक संदर्भ. लिहायचे ते इतकेच : अमुक साली, अमुक जणांनी, इतक्या कुंडल्यांवर, अशा रीतीने चाचणी घेतली आणि निकाल इतका आला. विशेषण नाही, उद्गार नाही. एखाद्या ज्योतिषाने पद्धतीवर घेतलेला आक्षेप कुठे नीट छापून आला असेल, तर तोही पुढच्या वाक्यात. ‘ज्योतिषाला शास्त्रीय आधार नाही’ हे व्यापक विधान करायचे असेल, तर त्यासाठी जगभरच्या अनेक चाचण्यांचा आढावा घेणारा ग्रंथ वेगळा जोडायचा. असे कोरडे, आकड्यांचे वाक्य वाचून श्रद्धाळू माणूस चिडत नाही. तो थबकून आकडे पुन्हा वाचतो. निदान मला तशी आशा आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. लेखांची संख्या आता लाखाच्या आसपास आहे. इंग्रजीत ती सत्तर लाखांच्या घरात. इथल्या लोकांनी आपली परिभाषा मात्र झोकात घडवली आहे. गप्पा आणि तंटे चावडीवर, सराव धूळपाटीवर, खोडसाळपणाला उत्पात, यांत्रिक खात्याला सांगकाम्या. अडचण माणसांची आहे. इंग्रजीत चुकीचे वाक्य काही मिनिटांत उडते, कारण हजारो डोळे ‘अलीकडील बदल’ न्याहाळत असतात. लहान भाषेत नजर ठेवणारे मूठभर असतात आणि चूक वर्षभर बसून राहू शकते. याचे जगजाहीर उदाहरण स्कॉट्स भाषेचे. २०२०मध्ये लक्षात आले, की त्या विकिपीडियातले हजारो लेख स्कॉट्स येत नसलेल्या एका अमेरिकन मुलाने लिहिले होते. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला थांबवणारेच कुणी नव्हते.

म्हणून विज्ञानाच्या लेखांसाठी मराठीत काम करायचे तर वादाच्या लेखापासून सुरुवात करण्यात काही हशील नाही. लसीकरण, सर्पदंश, कावीळ, फिट येणे, ग्रहण, चकवा, अंगात येणे ही पाने उघडावीत. ज्या घरात कावीळ ‘उतरवून’ घेतात, तिथला कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइलवर शोधतो तो शब्द ‘कावीळ’ हाच असतो, ‘छद्मविज्ञान’ नव्हे. तिथे यकृत, रक्तातले बिलिरुबिन आणि डॉक्टरकडे केव्हा जायचे, एवढे शुद्ध आणि ससंदर्भ लिहिले तरी मांत्रिकाबद्दल अक्षर न लिहिता त्याचे निम्मे काम कमी होते. इंग्रजी लेखाचा अनुवाद करायचे साधन विकिपीडियातच आहे. पण यंत्राने दिलेला मसुदा जसाच्या तसा चिकटवणारे लोक उत्पात करणाऱ्यांपेक्षा जास्त नुकसान करतात, कारण त्यांचे लेख दिसायला भरगच्च असतात आणि वाचायला कुणाला जमत नाहीत.

संदर्भांचे काय? वैद्यकात इंग्रजी आढावे सरळ द्यावेत, मराठी लेखाला मराठीच संदर्भ हवा असा नियम नाही. इतरत्र मराठी विश्वकोश आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्यातल्या नोंदींखाली लेखकाचे नाव असते आणि आता तो संकेतस्थळावर खुला आहे. पदार्थविज्ञानाला, वनस्पतींना तो उत्तम, पण जुन्या खंडांतली औषधोपचाराची माहिती तशीच उचलू नये. नाजूक प्रश्न अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या वार्तापत्राचा. गावोगावच्या भांडाफोडीच्या हकिगती जितक्या तपशिलाने तिथे येतात तितक्या क्वचितच दुसरीकडे छापल्या जातात. पण समिती त्या प्रकरणातला एक पक्ष असते. तेव्हा ‘समितीच्या म्हणण्यानुसार’ असे सांगून द्यावे, आणि त्याच घटनेची जिल्ह्याच्या दैनिकातली बातमी किंवा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखालचा न्यायालयाचा निकाल मिळतो का ते पाहावे. जिल्हा दैनिकांचे जुने अंक संगणकावर क्वचितच सापडतात. त्यासाठी ग्रंथालयात जाऊन तारीख आणि पान टिपून आणावे लागते. विकिपीडियाला छापील संदर्भ चालतो, दुव्याची सक्ती नाही.

आणि हा लेख? काविळीच्या पानावर याचा संदर्भ कुणी दिलाच, तर तो काढून टाकावा. रविवारच्या पुरवणीतला मजकूर वैद्यकीय विधानाला पुरत नाही. ज्योतिषाच्या चाचणीसाठीही हा लेख न देता ‘करंट सायन्स’चा अंक द्यावा.