जागा भाड्याची, नाव मात्र आपले

भोसरीच्या एमआयडीसीत दोन लेथ टाकून जॉबवर्क करणारा माणूस चाकणच्या एखाद्या मोठ्या कंपनीकडे काम मागायला गेला, की वेबसाईट आहे का, ई-मेल कंपनीच्या नावाचा आहे का, अशी विचारणा होते. मग तो ओळखीच्या मुलाला गाठतो. हा मुलगा पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. डिप्लोमा झालेला, दिवसा कंपनीत कंत्राटी कामावर आणि रात्री संगणकासमोर. घरच्यांना वाटते, पोरगा गेम खेळतो. तो मात्र दहा-पंधरा गिऱ्हाइकांच्या वेबसाईट सांभाळत असतो. या धंद्याला होस्टिंग म्हणतात. आपल्या कुटुंबांनी तो नीट समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

वेबसाईट म्हणजे चोवीस तास चालू असलेल्या एका संगणकावर ठेवलेल्या फायली. असे हजारो संगणक जिथे असतात ते डेटा सेंटर. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली केंद्रे सुरू केली, म्हणजे हे काम आपल्या उंबऱ्याशी आले आहे. आपल्या मुलाला मात्र असा संगणक विकत घ्यावा लागत नाही. तो मोठ्या कंपनीकडून घाऊक जागा घेतो आणि तिचे भाग करून गिऱ्हाइकांना देतो. चाळ भाड्याने घेऊन एकेक खोली द्यावी, तसेच.

सगळ्यांना एकाच मापाची खोली देण्यात शहाणपण नाही. लेथवाल्याला जागा थोडी लागते. चार पाने आणि कामाचे फोटो एवढेच ठेवायचे असते. त्याचा ई-मेल मात्र बंद पडता कामा नये, कारण ड्रॉइंग आणि ऑर्डर त्यावरच येतात. त्याच्या पैशाचा मोठा भाग ई-मेलवर खर्च व्हावा. आकुर्डीतल्या क्लासवाल्याकडे वर्षभर शांतता असते आणि निकालाच्या दिवशी सगळे एकदम वेबसाईट उघडतात. त्याला जून महिन्यापुरती ताकद वाढवून द्यावी, बाराही महिन्यांचे पैसे घेऊ नयेत. आणि चाकणजवळ कामगारांची खानावळ चालवणाऱ्या ताईंना आम्ही तर सांगू, की सध्या वेबसाईट नकोच. गूगलच्या नकाशावर नाव, वेळ आणि फोन नंबर फुकट टाकता येतो. असे स्पष्ट सांगणाऱ्या मुलाकडेच ताई उद्या दहा गिऱ्हाइके पाठवतील.

जे फुकट मिळते त्याचे पैसे लावणारेही आहेत. वेबसाईटच्या पत्त्याशेजारी काही ब्राउझरमध्ये कुलूप दिसते, त्यासाठीचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून विनामूल्य देते. ते बसवून देण्याची मजुरी जरूर घ्यावी, पण प्रमाणपत्राची किंमत सांगून हजारो रुपये उकळू नयेत.

आता नावाचा प्रश्न. वेबसाईटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते जागेहून वेगळे असते. जागा कधीही बदलता येते. नाव गेले तर व्हिजिटिंग कार्ड, बिलबुक, टेम्पोवरची पाटी, सगळे वाया. पुष्कळ ठिकाणी हे नाव होस्टिंगवाला स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर नोंदवतो. त्याला कोणी लबाडी म्हणणार नाही, आळसच तो. पण पुढे भांडण झाले, मुलगा परगावी गेला किंवा त्याचे काही बरेवाईट झाले, तर गिऱ्हाइकाच्या हातात काहीच राहत नाही.

अशी वेळ मोठ्या कंपनीच्या गिऱ्हाइकांवरही आलेली आहे. नेट फोर इंडिया ही भारतातली जुनी डोमेन कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. गिऱ्हाइकांना नावांचे नूतनीकरण करता येईना, दुसरीकडे हलवता येईना. अखेर २०२१ मध्ये जगभरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने तिची मान्यता काढून घेतली आणि तिच्याकडची नावे दुसऱ्या कंपनीकडे सोपवली गेली. ज्यांची नोंद स्वतःच्या नावावर होती त्यांना निदान दाद तरी मागता आली. म्हणून नोंदीत मालकाच्या जागी गिऱ्हाइकाचेच नाव, त्याचाच मोबाईल आणि ई-मेल असावा, आणि पासवर्ड त्याच्याकडे लिहून द्यावा. .कॉम नावाची मुदत टळून ते रद्द झाले तरी ३० दिवस दंड भरून परत मिळवता येते. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतो. आठवण महिनाभर आधी द्यावी आणि ती फोनवर द्यावी.

कंपनीत काम करणाऱ्यांना ब्रेकडाऊन म्हणजे काय ते सांगायला नको. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक पूर्ण इमारत जळाली. ज्यांची दुसरी प्रतही तिथेच होती, त्यांच्यातल्या कित्येकांचे काम कायमचे गेले. घरच्या हार्डडिस्कवर आठवड्याला एक प्रत उतरवून ठेवायला मोठा खर्च येत नाही. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून चालते का, तेही पाहावे.

दराचेही लेखी असावे. २०१९ मध्ये सीपॅनेल या सॉफ्टवेअरने खात्यांच्या संख्येनुसार दर आकारायला सुरुवात केली, तेव्हा पुष्कळ छोट्या होस्टिंगवाल्यांचे गणित बिघडले. वर्षभराचे पैसे आधीच घेतलेले, वाढ मागायची कशी? कागदावर चारच गोष्टी हव्यात: काय काय दिले, पुढच्या वर्षीचा दर किती, नाव कोणाचे आणि बंद पडल्यास फोन कितीपर्यंत उचलणार. नाईट शिफ्ट असेल त्या आठवड्यात फोन कोण घेणार, हेही घरात ठरवावे. बहीण किंवा पत्नी शिकलेली असेल तर तिला पासवर्डची वही आणि पाच-सहा नेहमीच्या तक्रारींवरचे उपाय दाखवून ठेवावेत, आणि मग कमाईत तिचाही हिस्सा धरावा.