ती दचकून उठते तेव्हा...

ताईंनो, भूकंप, अपघात किंवा घरातली मारहाण यातून बाई वाचते, जखमाही भरतात. पण काहींना महिना उलटला तरी तेच स्वप्न पडतं, भांडं पडलं तरी धडधडतं, ती जागा नको वाटते. डॉक्टर याला पीटीएसडी म्हणतात. हे नाटक नाही आणि बाहेरची बाधा तर नाहीच.

भेटायला येणारी प्रत्येकजण विचारते, “नेमकं काय झालं गं?” प्रेमानंच विचारते, पण तिला ते दिवसातून चारदा पुन्हा भोगावं लागतं. खोदून विचारू नका. आपणहून बोलली तर मध्ये न तोडता ऐका. “विसर आता” हेही नको. विसरता आलं असतं तर कधीच विसरली असती.

रात्री जास्त त्रास होतो. 1993 चा किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास, लोक झोपेत असताना झाला. अशा आघातानंतर डोळे मिटायचीच भीती बसते. दचकून उठली तर मागून धरू नका, हलवू नका. दिवा लावा, समोर बसून हळू सांगा, “मी तुझी जाऊ, आपण घरात आहोत.” पाय जमिनीवर टेकवून सावकाश श्वास सोडायला सांगा.

गटाच्या मीटिंगला येत नसेल तर दंड लावू नये, असं माझं मत. तिच्याकडे नुसतं बसायला जा.

झोपेची गोळी परस्पर आणू नका, डॉक्टरांनी दिलेली मनानं बंद करू नका. मारहाण करणारा घरातच असेल तर आधी सुरक्षित जागा, मग बाकीचं. 181 ला फोन करा. “जगायचं नाही” म्हणाली तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.