केसांची तपासणी व शरीरातील खनिजे

उज्जैन येथे शिप्रेच्या काठी, सिद्धवटाच्या परिसरात, आप्तांच्या उत्तरक्रियेनिमित्त केशवपन करणाऱ्यांची रीघ असते. शिंद्यांच्या काळापासून माळव्यात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यात असतात. उतरविलेले केस म्हणजे देहाचा टाकाऊ भाग, अशीच आपली समजूत. परंतु त्याच केसांची चिमूट प्रयोगशाळेत धाडल्यास शरीरात कोणते खनिज उणे व कोणते अधिक, हे कळते असा प्रचार आता होऊ लागला आहे. रंगीत आलेखांचा अहवाल येतो आणि त्यामागोमाग गोळ्यांची यादी. ह्या अहवालावर विश्वास कितपत ठेवावा?

केसाचे मूळ रक्तावर पोसले जाते आणि रक्तातील काही द्रव्ये घडणाऱ्या केसात अडकून राहतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे लांब केस ही गेल्या काही महिन्यांची नोंदवहीच होय. इराकमध्ये १९७१-७२ साली पारायुक्त औषध लावलेले बियाणे लोकांनी दळून खाल्ले, तेव्हा बाधितांच्या केसांचे तुकडे क्रमाने तपासून विष केव्हा व किती भिनले ह्याचा माग काढता आला. सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या बाबतीतही हे साधते. तत्कालीन मध्य प्रदेशातील राजनांदगाव जिल्ह्यात पिण्याच्या पाण्यात सोमल आढळल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्या पाहणीत रहिवाशांचे केसही तपासण्यात आले होते.

विषाचा माग काढणे निराळे आणि पोषणातील उणीव ठरविणे निराळे. केसाला बाहेरूनही पुष्कळ काही चिकटते. जड पाण्यातील कॅल्शियम, कोंड्यावरील शाम्पूतील जस्त वा सेलेनियम, कलपातील धातू, ही सारी अहवालात उतरतात. भांगात भरला जाणारा शेंदूर शिसेयुक्त असल्यास त्या गृहिणीच्या केसात शिसे दिसणारच. ते पोटात गेले की नाही, हे केस सांगू शकत नाही. त्याहून विलक्षण गोष्ट जस्ताची. तीव्र कुपोषणात केसांची वाढच मंदावते. त्यामुळे शरीरात जस्ताची वाण असूनही केसातील प्रमाण नेहमीइतके भरू शकते!

प्रयोगशाळांतही एकवाक्यता नाही. अमेरिकेत १९८५ साली दोन निरोगी मुलींचे केस तेरा प्रयोगशाळांकडे पाठविले असता निष्कर्षांत मोठी तफावत आढळली. २००१ साली एकाच व्यक्तीचे केस सहा ठिकाणी तपासून घेण्यात आले; तेव्हाही काही खनिजांचे आकडे दहा पटींहून अधिक भिन्न आले.

प्रस्तुत लेखकाच्या मते खरा धोका वाया जाणाऱ्या पैशाचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. धाप लागणाऱ्या, थकलेल्या भगिनीने केसांच्या अहवालावरून मॅग्नेशियम घेत राहावे आणि हिमोग्लोबिन मात्र तपासलेच जाऊ नये, हे घडू देता कामा नये. ही साधी रक्ततपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. रक्तक्षय आहे की नाही, हे तेथेच कळते.

विहिरीच्या पाण्यात सोमल असल्याची शंका असेल, तर मात्र वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने केस अवश्य तपासावेत. नमुना डोक्याच्या मागील बाजूने, मुळाजवळून कापलेला असावा, आणि सोबत त्या विहिरीचे पाणीही तपासणीस द्यावे.