अपघातांचे वय

‘अपघात काय सांगून येतो?’ असे आपण म्हणतो. पण मुलांच्या इजा वयानुसार मांडून पाहा. रांगते मूल भाजते, चार वर्षांचे खिडकीतून पडते, पंधरा वर्षांचा मुलगा रस्त्यावर जखमी होतो. मूल जिथवर पोहोचते, तिथला धोका त्याला गाठतो.

मीरा-भाईंदरचेच उदाहरण घ्या. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर वस्ती असलेले हे उंच इमारतींचे शहर. तिसरा मजला म्हणजे सुमारे दहा मीटर उंची. तेथून पडणारी वस्तू, हलकी असो वा जड, ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. त्यात लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे; वाकताच त्याचा तोल जातो.

यावर उपाय आहे काय? न्यूयॉर्क शहरात १९७२ साली ‘मुलांना उडता येत नाही’ ही मोहीम निघाली. खिडक्यांना गज बसले आणि ब्राँक्स भागात मुले पडण्याचे प्रमाण १९७३ ते १९७५ मध्ये निम्म्यावर आले.

आज घरी गजांमधील अंतर मोजा. ते दहा सेंटिमीटरांहून कमी हवे. खिडकीखालचा पलंग हलवा. आणि संक्रांतीला कठडा नसलेल्या गच्चीवर पतंग उडवताना ध्यानात ठेवा, हा हिशेब तुम्हांलाही लागू आहे!