गहू खाल्ल्याने कान बहिरे होतात का?



माझा धाकटा भाऊ दुसरीत आहे. मागच्या पावसाळ्यापासून हाक मारली तरी तो ओ देत नव्हता. वर्गात बाई काही विचारत, तर हा भलतेच उत्तर देई. मी त्याला ‘बहिऱ्या, बहिऱ्या’ म्हणून चिडवायची. एकदा तर पाठीत धपाटाही घातला. पुढे कळले की त्याला खरेच कमी ऐकू येत होते.

त्याच सुमारास मोखाड्याच्या बाजारात एक बाई आईला म्हणाली, “अगं, गव्हाने कान जातात. मोबाईलवर आलंय.” झालं! आईने त्याची पोळी बंद केली. रेशनचा गहू डब्यात पडून राहिला. पण कान काही सुधारेना. मग आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेले. तिथे डॉक्टरांनी जे सांगितले आणि नंतर गुरुजींनी जे समजावले, ते मी इथे लिहीत आहे.

गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट पदार्थ असतो. त्यामुळेच कणीक ताणली जाते. बहुतेकांना तो सहज पचतो. पण काही थोड्या लोकांना सिलिएक नावाचा आजार असतो. त्यांनी गहू किंवा जव खाल्ले, की त्यांचे शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करते. आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक कोंब असतात, ते झिजतात. मग खाल्लेले अंगी लागत नाही. जुलाब होतात, पोट फुगते, रक्त कमी होते, मूल वाढत नाही. आपल्याकडे असे मूल दिसले की सगळे कुपोषणच म्हणतील. म्हणून पोटभर खाऊनही मूल वाळत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

हे गव्हाचे कोडे हॉलंड देशातल्या डिके नावाच्या डॉक्टरांनी सोडवले. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेना. तेव्हा या आजाराची मुले सुधारली! पाव परत आला, तशी ती पुन्हा आजारी पडली.

आता कानाचे. 2007 साली इटलीतल्या डॉक्टरांनी सिलिएकच्या काही रुग्णांचे कान तपासले. त्यांच्यात कमी ऐकू येणारे जास्त निघाले. पण तपासलेले रुग्ण थोडे होते. नंतर काही डॉक्टरांना तसेच दिसले, काहींना दिसले नाही. म्हणजे संबंध असू शकेल, पण तो अजून सिद्ध झालेला नाही. आणि हे सगळे सिलिएक असलेल्यांबद्दल आहे. ज्याला तो आजार नाही, त्याचे कान गव्हाने जात नाहीत.

मग माझ्या भावाला काय झाले होते? डॉक्टरांनी बत्ती लावून कानात पाहिले. सारख्या सर्दीने कानात पू होऊन पडद्याला छिद्र पडले होते. कान वाहत होता, अन् आम्ही त्यात गरम तेल घालत होतो! डॉक्टरांनी तेल बंद करायला सांगितले, औषध दिले आणि कान कोरडा ठेवायला सांगितले. आता कान वाहायचा थांबला आहे. एका कानाने अजून कमी ऐकू येते, म्हणून बाईंनी त्याला पुढच्या रांगेत बसवले आहे.

डॉक्टर आईला आणखी एक गोष्ट म्हणाले, “शंका असेल तर आधी रक्त तपासा. गहू आधीच बंद केला, तर तपासणीत आजार सापडत नाही.”

ज्यांना सिलिएक असेल त्यांनी मात्र जन्मभर गहू टाळावा लागतो. पाव, बिस्किटे, शेवया, रव्याचा शिराही चालत नाही. पण आपल्या जव्हार-मोखाड्यात त्यांनी काळजी करू नये. आपल्या डोंगरावरची नागली, वरई आणि आपला भात यांत ग्लुटेन मुळीच नाही. फक्त चक्कीवर गव्हाच्या मागोमाग नागली दळू नये, पीठ मिसळते.

तेव्हा पालकांनो, मूल हाकेला ओ देत नसेल, तर त्याला मारू नका. त्याच्या ताटातली पोळीही काढू नका. आधी त्याचा कान दाखवा. मी भावाला आता बहिऱ्या म्हणत नाही. समोर जाऊन, तोंडाकडे बघून बोलते. मग त्याला सगळे कळते.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी