सानफांग छीश्यांग

सानफांग छीश्यांग हा चीनच्या फूच्यान प्रांताची राजधानी फूचौ येथील ऐतिहासिक निवासी परिसर आहे. या नावाचा शब्दशः अर्थ 'तीन पेठा, सात गल्ल्या' असा होतो. नानहौ हा दक्षिणोत्तर रस्ता परिसराचा कणा असून त्याच्या पश्चिमेस तीन पेठा व पूर्वेस सात गल्ल्या आहेत.

इतिहास

या रचनेची मुळे थांग राजवटीच्या उत्तरकाळात सापडतात. आज दिसणारे बहुतेक वाडे मिंग व छिंग राजवटींच्या काळातील आहेत. अधिकारी व विद्वान यांची वस्ती म्हणून हा परिसर प्रसिद्ध होता.

वास्तुरचना

वाडे एकामागे एक असलेल्या चौकांभोवती रचलेले आहेत. लाकडी बांधकामाला आगीचा धोका असल्याने दोन घरांमध्ये खोगिराच्या आकाराच्या उंच भिंती उभारल्या जात. यीचिन पेठेतील एका वाड्यात तळ्यावर बांधलेला लाकडी रंगमंच आहे.

उल्लेखनीय रहिवासी

फूचौ येथील आरमारी गोदीचे प्रमुख शन पाओचन यांचा वाडा कुंग गल्लीत आहे. 1839 मध्ये हूमन येथे अफू नष्ट करविणारे लिन त्सश्यू हे त्यांचे सासरे होत. या अफूच्या व्यापारात मुंबई बंदरातून जाणाऱ्या माळव्याच्या अफूचाही मोठा वाटा होता. गोदीच्या विद्यालयात शिकलेले अनुवादक यान फू यांनी अखेरचे दिवस लांगक्वान गल्लीत काढले. 1921 मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

क्रांतिकारक लिन च्युएमिन यांना 1911 मधील क्वांगचौ उठावानंतर मृत्युदंड देण्यात आला. पत्नीला लिहिलेल्या त्यांच्या अखेरच्या पत्रामुळे ते आजही स्मरणात आहेत. सूडाच्या भीतीने कुटुंबाने घर विकले. ते लेखिका पिंग शिन यांच्या आजोबांनी विकत घेतले व पिंग शिन यांच्या बालपणाचा काही काळ तेथे गेला.

संवर्धन

रस्ता रुंदीकरणामुळे यांगछ्याओ व चीपी या गल्ल्यांचे आणि क्वांगलू पेठेचे मूळ रूप लोपले. 1990च्या दशकात परिसराचा पुनर्विकास खाजगी विकासकाकडे सोपविण्यात आला व काही जुनी घरे पाडली गेली. त्यास विरोध झाला आणि पुढे हा करार संपुष्टात आला. 2006 मध्ये येथील वास्तुसमूहाला राष्ट्रीय संरक्षित वारशाचा दर्जा मिळाला व मोठ्या प्रमाणावर जीर्णोद्धार सुरू झाला. यात अनेक वाडे वाचले. मात्र नानहौ रस्ता मुख्यतः दुकाने व पर्यटकांचा झाला आणि पुष्कळ जुन्या रहिवाशांना स्थलांतर करावे लागले. 2013 पासून हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा तात्पुरत्या यादीत आहे.